बोळक्यातले वीस दात

तिठ्यावर — रविवार, रात्री १०:४२

मंडळी, मागच्या मंगळवारी मी मामा झालो. ताईला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. पेढ्यांऐवजी हा धागा गोड मानून घ्या.

तर झालं असं, की नर्सने बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं, बाळाने जांभई दिली आणि आमच्या आजीने कपाळावर हात मारला. खालच्या हिरडीवर पुढेच एक पांढुरका दात. तांदळाच्या कणीएवढा असेल, पण दातच. आजीचं पहिलं वाक्य, "मामाला जड आहे गं बाई." मामा तिथेच उभा, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

आमच्याकडे वरचे दात आधी आले की मामावर संकट, हे लहानपणापासून ऐकलेलं. आजीने तो नियम आपल्या अधिकारात वाढवून जन्मतःच्या दातालाही लावला. ताईच्या सासूबाई शांतीचं विचारायला लागल्या, ताई रडवेली झाली. बालरोगतज्ज्ञांनी मात्र दात बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाले, "असतो कधी कधी. सध्या काही करायचं नाही. दूध पिताना बाळाची जीभ घासतेय का, एवढं बघा."

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि डोकं चक्रावलं. माझी आपली समजूत अशी, की बाळ बोळकं घेऊन येतं आणि मग सहाव्या-सातव्या महिन्यात आतून दात "तयार होऊन" वर येतात. ती साफ चूक निघाली. दुधाचे वीसच्या वीस दात पोटातच सुरू झालेले असतात. आईला आपण गरोदर आहोत हे नक्की कळतं न कळतं, त्याच सुमाराला, म्हणजे सहाव्या आठवड्यात, गर्भाच्या तोंडात दातांची पहिली आखणी होते. बाळ तेव्हा सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरचं. हाताला धड बोटं नाहीत, आणि दातांची तयारी चालू!

मला समजलं ते असं. तोंडाच्या आतल्या अस्तराची एक पट्टी जाड होते, वर एक नाल, खाली एक नाल, घोड्याच्या नालेसारखी. त्या पट्टीवर आठव्या आठवड्याच्या आसपास कळ्या धरतात, दहा वर, दहा खाली. प्रत्येक कळी खालच्या मऊ भागात शिरते, मग टोपीसारखी होते, मग घंटेसारखी. आणि चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला पुढच्या पटाशीच्या दातांत पहिल्यांदा कॅल्शियम बसायला लागतं. यापुढचं मला नीट झेपलं नाही. इथे कुणी दातांचे डॉक्टर असतील तर सांगावं. आणि आजीला काय सांगू तेही सांगावं.

उगाच_काहीतरी — रविवार, रात्री १०:५८

अभिनंदन! मामा, विमा काढलाय ना?

(हलके घ्या.)

माईआजी — सोमवार, सकाळी ६:१५

तिठ्यावर, भाचीला आशीर्वाद. हसण्यावारी नेऊ नका हो, आमच्या वेळी असं बाळ झालं की घरात कुजबुज व्हायची, त्या बाळंतिणीला काय काय ऐकावं लागायचं ते मी पाहिलंय. माझ्या चुलतजावेची मुलगी अशीच दोन दात घेऊन आली होती. सुईणीने तिसऱ्या दिवशी नखाने उपटले. मुलगी आता आजी झालीय. तिचा मामा नव्वदीत गेला.

एक विचारते. आम्हाला सांगायचे, एका लेकरामागे आईचा एक दात जातो. माझी चार बाळंतपणं, आणि खरंच चार दाढा गेल्या. बाळाचे दात आईच्या दातांतून कॅल्शियम ओढतात ना?

हिरडीताई — सोमवार, सकाळी ८:३०

आले एकदाची. मी एका दंत महाविद्यालयात हेच शिकवते, म्हणजे दात कसा घडतो आणि कसा बिघडतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा विषय रटाळ वाटतो. मला चोवीस वर्षांत एकदाही वाटला नाही, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी भाचीचा दात. दर दोन-तीन हजार बाळांत एखादं असं जन्मतं. बहुतेक वेळा खालचे मधले पटाशीचे दात असतात, आणि दहातले नऊ दात हे "जास्तीचे" नसून खरेखुरे दुधाचेच दात असतात, घाई करून वर आलेले. म्हणून उठसूट काढायचे नाहीत. काढला तर त्या जागी दुधाचा दुसरा दात येत नाही, थेट सहा-सात वर्षांनी कायमचा. मुळाचा पत्ता नसतो, त्यामुळे तो हलतो. फारच हलत असेल तर निसटून श्वासनलिकेत जायची भीती, किंवा जिभेखाली घासून जखम होत असेल तर काढावा लागतो. तेव्हाही शक्यतो दहा दिवस थांबतात. नवजात बाळात रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के कमी असतं. ते इंजेक्शन जन्मल्यावर दिलंय ना, एवढं विचारून घ्या. माईआजी, सुईणीचं नख मात्र नको!

आजीला सांगा, फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ साली दोन दात घेऊन जन्मला असं इतिहासात नोंदलंय. त्याने बहात्तर वर्षं राज्य केलं. जड गेलं ते त्याला दूध पाजणाऱ्या दाईंना.

आता माईआजींचा प्रश्न. नाही हो, दात ही बँक नव्हे. एकदा दातात बसलेलं कॅल्शियम शरीराला परत काढता येत नाही. बाळाला जे लागतं ते आईच्या रक्तातून जातं, आणि आईचं खाणं कमी पडलं तर तिच्या हाडांतून. दाढा गेल्या त्याची कारणं वेगळी. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं. ओकाऱ्यांतलं आम्ल दातांवर येतं. आंबट-गोड सारखं खाल्लं जातं, आणि त्या काळात दात दुखला तरी "बाळंतपण होऊ दे, मग बघू" म्हणत ढकललं जातं. चार बाळंतपणं म्हणजे अशी चार वेळा ढकलाढकल.

दात कसा घडतो ते कॉलेजातून आल्यावर लिहिते.

शब्दवेडा — सोमवार, दुपारी १:०५

ताई येईपर्यंत थोडं अवांतर. संस्कृतात दाताला "द्विज" म्हणतात, दोनदा जन्मणारा. पक्षीही द्विज, कारण एकदा अंडं म्हणून आणि एकदा अंड्यातून. आयुर्वेदात बालरोगांवरची जी काश्यपसंहिता आहे तिच्यात दातांच्या जन्मावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात म्हटलंय, माणसाला बत्तीस दात, त्यांतले आठ एकदाच जन्मतात, बाकीचे द्विज. आणि हो, तिठ्यावर, दातांसकट जन्म आणि वरचे दात आधी येणं ही दोन्ही त्यात अमंगळांच्या यादीत आहेत. म्हणजे तुमच्या आजीच्या मागे बराच जुना आधार आहे. मामाचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात नाही. ती भर लोकांनी घातलेली दिसते.

पुरावा_द्या — सोमवार, दुपारी १:४०

आठ? माझ्या हिशेबाने एकदाच येणारे दात बारा हवेत. दुधाचे वीस, त्यांच्या जागी वीस. बत्तिसातून वीस गेले की बारा.

हिरडीताई — सोमवार, रात्री ९:२०

पुरावा_द्या, बरोबर. प्रत्येक बाजूला मागच्या तीन-तीन दाढा, चारही बाजूंच्या मिळून बारा. त्यांच्या आधी दुधाचा कुणी नसतोच. तरीही नुसतं तोंडात बघून इतक्या जुन्या काळी कुणी "काही दात एकदाच येतात" हे ओळखलं, याचं मला कौतुकच आहे.

आता मूळ विषय. तिठ्यावर यांनी कळी, टोपी, घंटा छान सांगितलं. आम्हीही तेच शब्द शिकवतो. पण चित्र डोळ्यांसमोर यायला मी मुलांना उकडीचा मोदक सांगते. उकडीची पारी करताना मध्ये खळगा करतो आणि कडा वर वळवत आत सारण घेतो, तसं. तोंडाच्या अस्तरातून आलेली कळी ही पारी. तिच्या खळग्यात दाटीने जमलेल्या खालच्या मऊ पेशी हे सारण. पारीपासून होतं एनॅमल, दाताचं वरचं कठीण कवच. सारणापासून आतलं डेंटिन आणि त्याच्याही आतला जिवंत गर. आणि या सारणातल्या पेशी मूळच्या तोंडातल्या नसतातच. गर्भाची पाठ घडत असताना, जिथून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात त्या नळीच्या काठावरून त्या निघतात आणि चालत चालत जबड्यात येतात. दाताच्या गराचं कूळ असं मेंदूच्या शेजारचं आहे.

मग पारी आणि सारण यांच्यात बोलणं सुरू होतं. मी हे उगाच काव्य म्हणून म्हणत नाही, खरोखर रासायनिक निरोप जातात-येतात. आधी वरचं अस्तर खालच्याला सांगतं, "इथे दात." मग हुकूम खालच्याकडे जातो. १९७०च्या आसपास कोलार आणि बेअर्ड यांनी उंदराच्या गर्भावर प्रयोग केला. दाढेच्या जागचं सारण घेतलं आणि पटाशीच्या जागची पारी त्यावर ठेवली. झाली दाढ. उलट केलं तर पटाशीचा दात. म्हणजे आकार ठरवणारं सारण.

टोपीच्या मधोमध पेशींची एक बारीक गाठ असते. ती स्वतः वाढत नाही, आजूबाजूच्यांना मात्र "वाढा, वाढा" असे निरोप सोडत राहते. ती मध्ये थांबलेली आणि बाकीचे वाढणारे, म्हणून तिथे घडी पडते. काम झालं की गाठीतल्या पेशी स्वतःहून मरतात. दाढेला जितकी टोकं, तितक्या अशा नव्या गाठी पुढे तयार होतात. १९९०च्या दशकात हेलसिंकीत येर्नवाल आणि थेसलेफ यांनी हे उलगडलं. आपण जिभेने दाढेची उंचसखल टोकं चाचपतो ना, त्या प्रत्येक टोकाच्या जागी कधीकाळी पोटात असताना अशी एक गाठ निरोप देऊन गेलेली आहे.

घंटेची अवस्था आली की पारी आणि सारण जिथे चिकटतात त्या रेषेवर बांधकाम सुरू. आधी डेंटिनचा थर, मग त्यावर एनॅमल. क्रम चुकत नाही. डेंटिन करणाऱ्या पेशी आत सरकतात, एनॅमल करणाऱ्या बाहेर. दोन गवंडी एकमेकांकडे तोंड करून मध्ये भिंत बांधत मागे मागे सरकत दूर जातात तसे. एनॅमलवाला रोज सुमारे चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. दात तोंडात उगवला की हा बाहेरचा गवंडी संपतो, कायमचा. म्हणून एनॅमलला कीड लागली की ते परत भरून येत नाही, आणि म्हणून आमची दुकानं चालतात. आतला डेंटिनवाला मात्र जन्मभर आपल्या जागी जिवंत असतो.

जन्माच्या दिवशी हिशेब साधारण असा असतो. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचं डोकं पाच-षष्ठांश तयार, खालच्याचं तीन-पंचमांश. पहिल्या दाढेची टोकं एकमेकांना जुळलेली, दुसऱ्या दाढेची टोकं अजून सुटी सुटी, बेटांसारखी. आणि या सगळ्यांच्या मागे, सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढेतही कॅल्शियमचा पहिला ठिपका जन्माच्या सुमारासच पडतो. कायमच्या पुढच्या दातांच्या कळ्याही दुधाच्या दातांच्या पाठीमागे धरलेल्या असतात. बोळकं म्हणतो ते हे!

एक खुलासा. वरचे आठवडे गर्भ राहिल्यापासूनचे आहेत. तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर शेवटच्या पाळीपासून मोजतात, तिथे दोन मिळवा.

चिंचाबोरं — सोमवार, रात्री ९:५५

ताई, हा खुलासा आधीच केलात म्हणून वाचलात, मी कागद काढून बसलेच होते. मला सोळावा चालू आहे, म्हणजे तुमच्या भाषेत चौदावा. आत्ता या घडीला माझ्या बाळाच्या दातात पहिला ठिपका पडत असेल? अंगावर काटा आला.

मला कॅल्शियमच्या गोळ्या चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन दिल्यात. त्या दातांसाठीच का? आणि मला पाटीवरची पेन्सिल खायचे डोहाळे लागलेत, तेही बाळाच्या दातांना कॅल्शियम हवं म्हणून, असं सासूबाई म्हणतात.

हिरडीताई — सोमवार, रात्री १०:१०

हो, आत्ताच. खालच्या-वरच्या मधल्या पटाशीत.

गोळ्या मुख्यतः तुमच्यासाठी. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांना त्यामुळे गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचा धोका कमी होतो. चौदावा आठवडा आणि दात हा योगायोग. पेन्सिल, माती, चुना खावासा वाटणं हे बरेचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. लाजू नका, त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असतं.

आणखी एक. टेट्रासायक्लिन गटाची अँटिबायोटिक औषधं या काळात डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाहीत. ते औषध कॅल्शियमला चिकटतं आणि घडत्या दातात कायमचं बसतं. बाळाचे दात पिवळे-करडे येतात. चौथ्या महिन्यापासून पुढे, आणि जन्मल्यावर आठ वर्षांपर्यंत हा धोका. घरातल्या डब्यात उरलेली कुणाची तरी कॅप्सूल तोंडात टाकायची सवय आपल्याकडे फार.

पांढरकवडी — मंगळवार, सकाळी ७:४०

राजे हो, आमच्या यवतमाळकडचं विचारतो. आमच्या तिकडं हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड. माझे स्वतःचे दात चॉकलेटी, पट्टे पट्टे. चंद्रपूर, नांदेडकडच्या पाहुण्यांचेबी तसेच. पण आई म्हणते, तुझे दुधाचे दात पांढरे शुभ्र होते. आईनं पोटुशी असताना तेच पाणी पेलं ना? मंग दुधाचे दात कसे वाचले?

हिरडीताई — मंगळवार, सकाळी ८:०५

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर तुमच्या आईच्या वाक्यातच आहे. दुधाच्या दातांचं बरंचसं एनॅमल पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होतं. पोटात असताना वार मध्ये असते, फ्लोराइड तिच्यातून जातं पण सगळं नाही. नंतरचे महिने आईचं दूध, त्यात फ्लोराइड फारच कमी. तुम्ही स्वतः हातपंपाचं पाणी प्यायला लागलात तेव्हा तुमचे कायमचे पुढचे दात जबड्यात घडत होते. मार त्यांना बसला. पाण्यात फ्लोराइड फार असलं तर दुधाच्या दातांवरही दिसतं, विशेषतः मागच्या दाढांवर. त्या सगळ्यांत उशिरा पुऱ्या होतात.

पांढरकवडी — मंगळवार, सकाळी ८:१२

म्हंजे दात पाहून सांगता येते, माणूस कोन्त्या वर्षी कोन्तं पाणी पेला. बाप्पा!

मिसिसिपीकाठी — मंगळवार, सकाळी ९:३०

पांढरकवडी, तुमच्या या वाक्यासाठीच लॉगिन केलं. मी अमेरिकेत सेंट लुईसला राहते, आणि आमच्या गावात नेमकं हेच केलं होतं.

१९५०च्या दशकात अमेरिका आणि रशिया उघड्या आकाशात अणुबॉम्बच्या चाचण्या करत होते. त्यातून स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात. शरीराला स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांतला फरक फारसा कळत नाही, ते दोन्ही हाडादातांत बसवतं. १९५८ साली इथे डॉ. लुईज राईस, बॅरी कॉमनर वगैरे मंडळींनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दात पाठवला की मुलाला बिल्ला मिळायचा, "मी माझा दात विज्ञानाला दिला". १९७०पर्यंत जवळजवळ तीन लाख वीस हजार दात जमले. माझ्या शेजारच्या सत्तरीतल्या बाईंकडे तो बिल्ला अजून आहे, मी हातात घेऊन पाहिलाय.

मुद्दा असा, की सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात त्या सात वर्षांचं सांगतच नव्हता. तो सांगत होता आई गरोदर असताना आणि बाळ अंगावर किंवा बाटलीवर असताना दुधात काय होतं ते. १९६१ साली पहिले आकडे छापून आले. चाचण्या वाढत गेल्या तसं नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं. १९६३ साली हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्याच्या मागच्या जनमतात या दातांचा वाटा होता.

आणि २००१ साली इथल्या विद्यापीठाला दारूगोळ्याच्या एका जुन्या बंकरमध्ये पंच्याऐंशी हजार दात सापडले. लहान लहान पाकिटांत, प्रत्येकाबरोबर मुलाची माहिती लिहिलेलं कार्ड.

उगाच_काहीतरी — मंगळवार, सकाळी ९:४४

आणि आम्ही आमचे "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दे" म्हणत बिळात टाकले. उंदरांकडे केवढा डेटा असेल!

पुरावा_द्या — मंगळवार, सकाळी ९:५२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनी_गॅझेटियर — मंगळवार, दुपारी ३:१५

दात येण्याचं चाललंय, मी दात न येण्याचं सांगतो. पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरच्या डार्विनच्या पुस्तकाच्या १८७५ सालच्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू घराण्याची नोंद आहे. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष, प्रत्येकाला दोन्ही जबडे मिळून जेमतेम चार बारके पटाशीचे दात आणि आठ दाढा. अंगावर केस फारच थोडे, टक्कल लवकर. उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना कधीच त्रास नाही, पण मुलींच्या मुलांना होतो. सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होता, १९३६पर्यंत. मला प्रश्न पडायचा, दात, केस आणि घाम यांचा एकमेकांशी संबंध काय?

हिरडीताई — मंगळवार, रात्री ९:०५

अहो, हा माझा लाडका परिच्छेद! संबंध पारीचा आहे. केस, घामाच्या ग्रंथी, दात, तिन्हींची सुरुवात एकच, बाहेरचं अस्तर जाड होऊन खाली कळी शिरते. त्या कळीला "शीर" सांगणारा एक निरोप असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर. ते बिघडलं की तिन्ही ठिकाणी कळ्या धरत नाहीत. मुलींकडे दुसरा एक्स असतो म्हणून त्या बहुतेक निभावतात, मुलांकडे एकच. डार्विनला गुणसूत्रं ठाऊक नव्हती, तरी नोंद किती चोख.

आणि याचा पुढचा भाग २०१८चा. जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरांनी हाच हरवलेला निरोप प्रथिनाच्या रूपात बनवून गर्भजलात सोडला. एका आईच्या पोटात जुळे मुलगे होते, त्यांना सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात. आणखी एका आईच्या बाळाला सव्विसाव्या आठवड्यात. पोटातलं बाळ गर्भजल गिळतच असतं, त्याबरोबर औषध आत गेलं. तिन्ही मुलांना पुढे नीट घाम यायला लागला. जन्मल्यावर देऊन तितका उपयोग होत नाही. कळ्या धरायचा मोसम पोटातच असतो. दातांच्या बाबतीत तर बराचसा मोसम सव्विसाव्या आठवड्याआधीच सरलेला असतो.

तिठ्यावर — मंगळवार, रात्री ११:३०

वाचतोय, सगळं ताईला (माझ्या) वाचून दाखवतोय. ती आता दाताचं कौतुक करायला लागलीय. ताई (हिरडी), एकच विचारायचंय. पोटात तयार झालेला भाग आणि नंतर झालेला भाग, दातात वेगळा ओळखता येतो का?

हिरडीताई — बुधवार, सकाळी ८:१५

याचीच वाट बघत होते.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याची दुधाची दाढ पडली. त्याला दहा रुपये देऊन मी ती विकत घेतली, कॉलेजात नेली आणि दगडावर पाणी घालत दोन्ही बाजूंनी घासत घासत इतकी पातळ केली की आरपार उजेड दिसावा. स्लाइड केली, मायक्रोस्कोपखाली धरली. एनॅमलमध्ये झाडाच्या खोडासारख्या बारीक रेघा असतात, कारण गवंडी रोज थोडं थोडं बांधतो. त्या सगळ्या रेघांत एक रेघ ठसठशीत, काळसर. तिच्या आतल्या बाजूचं एनॅमल तलम, एकसारखं. बाहेरचं जरा रेघारेघांचं.

ती रेघ म्हणजे त्याचा जन्म. एका दिवसात वार तुटते, आयतं मिळणारं कॅल्शियम थांबतं, बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, श्वास, ऊब, भूक, सगळं एकदम बदलतं. एनॅमल करणारा गवंडी बावचळतो आणि त्या दिवसाचा थर वेगळा पडतो. शिकागोच्या आयझॅक शूर यांनी १९३६ साली या रेषेचं बारसं केलं, नवजात रेषा. दुधाच्या सगळ्या दातांत असते, आणि बहुतेकांच्या पहिल्या कायमच्या दाढेतही. ही दाढ पडली नसेल तर आत्ता तुमच्या तोंडात असेल, पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत सहावी.

न्यायवैद्यकात तिचा उपयोग होतो. अर्भक मृत जन्मलं की काही दिवस जगलं, असा प्रश्न कोर्टात आला तर. साध्या मायक्रोस्कोपखाली ती रेष दिसायला जन्मानंतर आठ-दहा दिवस जगावं लागतं, कारण तिच्यापुढे थोडं तरी नवं एनॅमल पडायला हवं.

मुलाला स्लाइड दाखवली तर म्हणाला, "ही रेघ तू मला रडवलंस त्याची." सिझेरियन झालं होतं.

चिंचाबोरं — बुधवार, सकाळी ८:४०

ऑफिसात बसून जिभेने सहावी दाढ चाचपतेय. समोरचा सहकारी विचारतोय दुखतंय का.

माईआजी — बुधवार, संध्याकाळी ६:००

माझी ती दाढ तिसऱ्या बाळंतपणात गेली. माझ्या जन्माची रेघ बार्शीच्या डॉक्टरांनी केराच्या टोपलीत टाकली म्हणायची.

तिठ्यावर — दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

धागा वर काढतोय, खबर द्यायची आहे.

दात फारच हलायला लागला आणि जिभेखाली लाल चट्टा उठला. दूध पिताना बाळ रडायचं. व्हिटॅमिन के दिल्याचं कागदावर तपासलं. परवा, अठराव्या दिवशी, दंतवैद्यांनी तो नुसत्या चिमट्याने अलगद काढला, जेमतेम दोन थेंब रक्त आलं. तासाभराने भाची दूध पिऊन झोपली. काल बारसं झालं, आजीने पाळण्याला हात लावला, सासूबाईंनी शांतीचा विषय काढला नाही.

हिरडीताई — रविवार, रात्री ९:२५

छान झालं. दात टाकला नाहीत ना? अठरा दिवस म्हणजे अगदी उंबरठ्यावर. अशा दाताचं एनॅमल कच्चं असतं, पण रेष असलीच तर अगदी कडेला, काठाशी दिसेल. पाठवता का? स्लाइड करून फोटो इथे टाकते.

तिठ्यावर — रविवार, रात्री ९:३१

विचारलं ताईला. तिने तो कुंकवाच्या चांदीच्या डबीत कापसात ठेवलाय आणि डबी कपाटात. म्हणते, तुझ्या हिरडीताईंना सांग, दहा रुपयांत नाही देणार.

उगाच_काहीतरी — रविवार, रात्री ९:३३

आणि मामा? मामाची तब्येत?

तिठ्यावर — रविवार, रात्री ९:३४

काल बारशाच्या मांडवात भिजलो. सर्दी झालीय. आजी सगळ्यांना सांगतेय, "बघा."